गरिबाच्या हातचा पैसा जातो कुठे?

सातारा जिल्ह्यातला माण तालुका पिढ्यान् पिढ्या दुष्काळी. तिथल्या म्हसवड गावात रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पैसे साठवायचे होते. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचं छप्पर घ्यायचं, एवढीच तिची गरज. रोज थोडे थोडे बाजूला टाकायची तयारी होती, पण इतक्या किरकोळ रकमेचं खातं उघडायला बँक राजी नव्हती. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी तेव्हा परिसरातल्या बायकांना जमवून स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला प्रस्ताव फेटाळला, कारण प्रवर्तक म्हणून पुढे आलेल्या बायका निरक्षर होत्या, सहीच्या जागी अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

या बाईकडे काम होतं, अंगात कसब होतं आणि कष्टाची तर सवयच होती. कमावलेला रुपया सुरक्षित राहील अशी जागा तेवढी तिच्यापाशी नव्हती. गरिबी हटवण्यासाठी एखादा उद्योग उभारावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी या गोष्टीपाशी जरा थांबावं. आपल्याकडे असे प्रयत्न बहुधा वस्तूपासून सुरू होतात. मेणबत्त्या करू, पापड करू, कापडी पिशव्या शिवू, मग त्या विकायला बाजार शोधू. म्हसवडला सुरुवात उलट्या टोकाने झाली. माणसाच्या कमाईला गळती कुठे लागली आहे ते आधी पाहिलं गेलं आणि नेमक्या त्या जागी संस्था उभी राहिली.

सामाजिक उद्योजकता म्हणतात ती हीच. देणगीवर चालणाऱ्या कामाला दरवर्षी नव्याने हात पसरावा लागतो. नेहमीच्या धंद्यात नफा मालकाच्या घरी जातो. या दोहोंच्या मधल्या वाटेवरचा उद्योग आपला खर्च आपण कमावतो, आणि त्याचं यश मोजलं जातं ते गरीब घरात किती पैसा टिकला यावर. ऐकायला सोपं, चालवायला अवघड.

गळती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. बांगलादेशातल्या चितगाव विद्यापीठाजवळच्या जोब्रा गावात 1976 च्या सुमारास अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनुस यांना बांबूचे मोढे विणणारी एक बाई भेटली. बांबू घ्यायला तिच्याकडे पैसे नसत. ते व्यापारी उसने देई, आणि तयार मोढा त्यालाच, त्याच्याच भावाने विकायची अट घाली. दिवसभराच्या कामाचे तिला जेमतेम पन्नास पैसे सुटत. युनुस यांनी गावात अशा कर्जात अडकलेल्या लोकांची यादी केली. 42 जण निघाले, आणि सगळ्यांचं मिळून कर्ज होतं 856 टाका, म्हणजे तेव्हाचे सत्तावीस डॉलरही नाहीत. तिथली गळती कच्च्या मालाच्या पैशांत होती. पुढे 1983 मध्ये ग्रामीण बँक स्थापन झाली, 2006 मध्ये युनुस आणि बँक यांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. पण सगळ्याचं मूळ त्या यादीत आहे.

मुंबईच्या गिरणगावात ही गळती किराण्याच्या उधारीत होती. गिरणी कामगारांना जेवण करून घालणाऱ्या खानावळवाल्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. कामगारांचे पैसे पगार झाल्यावर येत आणि तोवर वाणी उधारीवर, त्याच्या दराने माल देई. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, आणि पहिल्या तुकडीतल्या 14 बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक त्याच करत होत्या, गिऱ्हाईकही तेच होतं. कर्जाचा धनी बदलला आणि घरात चार पैसे राहू लागले.

तेव्हा पहिलं काम हिशेबाचं. दहा-पंधरा घरं निवडावीत आणि त्यांच्या वर्षभराच्या पैशांची आवक-जावक महिन्यावार लिहावी. कुठल्या महिन्यात काम असतं, कुठल्या महिन्यात नसतं? उचल कुणाकडून घेतली आणि ती फेडायची कशाने, पैशाने की मजुरीने? माल कुणाच्या काट्यावर मोजला जातो? दवाखान्याला गेल्या वर्षी किती गेले, आणि त्यासाठी काय विकावं लागलं? बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे अडीचशे गरीब कुटुंबांच्या अशा रोजकीर्दी संशोधकांनी वर्षभर ठेवल्या होत्या. त्यांतून दिसलं ते असं की कमाई कमी आहे हा त्रासाचा एक भाग झाला. ती अनियमित आहे, कधी येईल याचा भरवसा नाही, हा तितकाच मोठा भाग आहे. सुगी झाल्यावर भेटणाऱ्याला हे कळणार नाही. आषाढ-श्रावणात, रोजगार आटलेला असताना त्याच घरी गेलं की चित्र वेगळं दिसतं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर कारखान्याचा हंगाम सुरू होण्याआधी, मुकादमाची उचल ठरत असताना जावं.

लोक जे मागतात ते ऐकून घेणं हाही या हिशेबाचाच भाग आहे. पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या, त्या साक्षरतेचं काम घेऊन. बायकांचा प्रश्न वेगळाच होता. उकिरड्यात हात घालून, कुत्र्यांशी झोंबून कागद-काच-पत्रा काढण्याऐवजी तोच माल घराघरांतून वेगळा केलेला मिळाला तर? कष्ट कमी, माल स्वच्छ आणि भावही चांगला. हे ऐकून घेतलं गेलं म्हणून पुढचं घडलं. 1993 मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. या बायका बहुतांश दलित समाजातल्या. शहर त्यांना चोर समजून हटकत होतं. संघटनेने आधी ओळखपत्रं मिळवली, मग पतसंस्था काढली, भंगाराची स्वतःची दुकानं चालवली. भंगाराच्या धंद्यात काटा कुणाचा यावर अर्धी कमाई ठरते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या बायका महापालिकेचा कचरा वाहण्याचा खर्च वाचवतात हे संघटनेने अभ्यास करून, आकडे मांडून दाखवलं. दयेची मागणी करणाऱ्याला अधिकारी दारातून वाटेला लावू शकतात. वाचवलेल्या खर्चाचा कागद टेबलावर आला की बोलणं बदलतं. 2008 मध्ये पुणे महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कामाला लागली. तिच्या मालक कचरावेचकच. दारोदारचा कचरा त्या गोळा करतात, घरटी दरमहा शुल्क घेतात आणि सुक्या मालाची विक्रीही त्यांचीच. एकाच कामातून दोन मिळकती. भंगाराचा भाव पडला तरी शुल्क चालू राहतं.

याच उदाहरणात एक धोकाही स्पष्ट दिसतो. महापालिकेच्या कराराची मुदत संपली की दर वेळी अनिश्चिततेची तलवार डोक्यावर टांगली जाते, काम खासगी ठेकेदाराला द्यावं अशी चर्चा निघते, आणि बायकांना पुन्हा मोर्चे काढावे लागतात. ज्या उद्योगाचं गिऱ्हाईक एकच आहे, मग ते सरकार असो की एखादी मोठी कंपनी, त्याने पहिल्या दिवसापासून दुसरं गिऱ्हाईक शोधायला हवं आणि संघटनाही जिवंत ठेवायला हवी. ‘स्वच्छ’ टिकली ती नागरिकांकडून येणाऱ्या थेट शुल्कामुळे आणि मागे उभ्या असलेल्या संघटनेमुळे.

लिज्जतची कथा बहुतेकांना अर्धीच माहीत असते. 15 मार्च 1959 ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं. या बायकांनी सुरुवातीपासून ठरवलं होतं की तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही. स्वस्तातला एक आणि चांगला एक असे दोन प्रतींचे पापड त्या करू लागल्या, तेव्हा पैसे देणाऱ्या छगनलाल पारेखांनी सल्ला दिला, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. पहिल्या वर्षाची विक्री होती 6,196 रुपये. आज सभासद भगिनींची संख्या 45 हजारांच्या घरात आहे.

त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. सकाळी शाखेवर मळलेलं पीठ मिळतं, बाई ते घरी नेऊन लाटते, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून देते, आणि मोजून लाटणावळ घेऊन नवं पीठ नेते. घर, मुलं, म्हाताऱ्या सासूबाई सांभाळून होईल असं हे काम आहे, आणि पैशासाठी महिनाअखेरीची वाट पाहावी लागत नाही. पीठ एका ठिकाणी मळल्यामुळे चव एकच राहते. पापड तपासून घेतले जातात, वाकडेतिकडे चालत नाहीत. शाखेचा नफा-तोटा सभासदांत वाटला जातो, कारण त्या नोकर नाहीत, भागीदार आहेत. ‘गरीब बायकांनी केले आहेत, घ्या बिचाऱ्यांचे’ असं सांगून कुणी लिज्जत विकलेला नाही. गिऱ्हाईक सहानुभूतीपोटी एकदा घेतं, दुसऱ्यांदा घेतं ते चवीसाठी.

नेमकी इथेच महाराष्ट्रातल्या कितीतरी बचत गटांची अडचण होते. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात माल हातोहात जातो, आणि प्रदर्शन उठलं की विक्री थांबते. प्रशिक्षण झालेलं असतं, प्रमाणपत्रं भिंतीवर असतात, अनुदानातून आलेलं यंत्र मात्र कोपऱ्यात. यात बायकांचा दोष नाही. त्यांना शिकवणाऱ्यांनी बाजाराचा विचार शेवटी केला, याचे हे परिणाम आहेत. यंत्र घेण्याआधी हाताने, थोडाच माल करून तो सहा महिने अनोळखी माणसांना विकून पाहावा. नातेवाईक आणि हितचिंतक यांना विकलेला माल या परीक्षेत धरू नये.

खेळत्या भांडवलाचं गणित तर कागदावर मांडलंच पाहिजे. समजा, एक गट महिन्याला 200 किलो मसाला करतो आणि किलोला सगळा मिळून 400 रुपये खर्च येतो. दुकानदार म्हणतो, पैसे 45 दिवसांनी. म्हणजे पहिला रुपया हातात येईपर्यंत 300 किलो माल गेलेला असतो आणि 1 लाख 20 हजार रुपये बाहेर अडकलेले असतात. एवढे पैसे गटाकडे नसतील तर नफा कितीही दिसो, दुसऱ्या महिन्यात मिरची आणायला सावकाराकडे जावं लागणार. ज्या गळतीतून बाहेर पडायचं होतं तीच पुन्हा. म्हणून सुरुवातीला रोख देणारं गिऱ्हाईक धरावं, भाव दोन रुपये कमी मिळाला तरी चालेल. आणि खर्चात बायकांची मजुरी पहिल्या दिवसापासून धरावी. मजुरी न धरता काढलेली किंमत स्वस्त वाटते, पण ती बायकांच्या फुकट कष्टांवर उभी असते.

वसुलीचं वेळापत्रकही गिऱ्हाईकाच्या हाती येणाऱ्या पैशाप्रमाणे बसवावं लागतं. हरीश हांडे यांनी 1995 मध्ये बंगळुरूला सेल्को ही सौर दिव्यांची कंपनी सुरू केली. फेरीवाल्यांशी बोलताना त्यांना उमगलं की महिन्याला 300 रुपये जड जातात, रोजचे 10 मात्र सहज निघतात. रक्कम तीच. ज्याच्या हातात पैसा रोज येतो आणि रोज जातो त्याच्यापाशी महिन्याचा हप्ता साठत नाही, एवढाच फरक. माणदेशी बँकेनेही हेच केलं: बँकेत यायचं तर रोजंदारी बुडते असं बायका म्हणाल्या तेव्हा बँक त्यांच्या दारात गेली.

ज्याला विकायचं तोच गरीब असेल तर अडचण आणखी वाढते. बांगलादेशात ग्रामीण आणि दानोन यांनी मिळून बोगुडा इथे कुपोषित मुलांसाठी पौष्टिक दह्याचा कारखाना काढला. हेतू उत्तम, पैसा भरपूर, नावं मोठी. दुधाचे भाव चढले, दह्याची किंमत वाढवावी लागली आणि खेड्यातली विक्री कोसळली. कारखाना चालू ठेवायला शहरातल्या गिऱ्हाइकाकडे वळावं लागलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर 1976 मध्ये 11 खाटांवर ते सुरू केलं. ऐपत असलेले रुग्ण पैसे देतात, त्यांतून गरिबांची शस्त्रक्रिया मोफत किंवा नाममात्र दरात होते. डॉक्टरांचा वेळ फक्त शस्त्रक्रियेलाच लागेल अशी कामाची आखणी आहे, त्यामुळे दर शस्त्रक्रियेचा खर्च उतरतो. डोळ्यात बसवायचं परदेशी भिंग महाग पडतं म्हणून 1992 मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून ते स्वतःच बनवायला घेतलं. खर्चाचा जो तुकडा सर्वांत महाग, त्यालाच हात घातला.

संस्थेची नोंदणी कुठल्या कायद्याखाली करावी, हा प्रश्न लोक फार लवकर विचारतात. त्याआधीचा प्रश्न मालकीचा आहे. उत्पादन करणारेच मालक असतील तर सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी योग्य. उत्पादक कंपनी दहा उत्पादकांना मिळून काढता येते, आणि तिथे भाग कितीही असोत, मत एकालाच एक. नाशिकजवळच्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही द्राक्ष आणि फळभाज्या उत्पादकांची कंपनी याच वाटेने मोठी झाली. नफा वाटायचाच नसेल, तो कामातच घालायचा असेल तर कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी किंवा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला न्यास. बाहेरचं भांडवल हवं असेल तर साधी खासगी कंपनी. मात्र मग गरिबांचं हित जपण्याचं बंधन करारात लिहून घ्यावं, कारण संस्थापकाची सद्भावना भागधारकांना बांधत नाही. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची नोंदणी आणि पाकिटावरच्या मजकुराचे नियम सुरुवातीलाच पाळावेत. सरकारी योजनांच्या रकमा आणि अटी बदलत राहतात, त्या जिल्हा उद्योग केंद्रात ताज्या विचाराव्यात. अनुदान शिकण्यासाठी, चुकून पाहण्यासाठी वापरावं. रोजचा खर्च त्यावर चालू लागला की उद्योग संपला.

भागधारकांचा मुद्दा काल्पनिक नाही. आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या गरिबांसाठी म्हणून निघाल्या, भराभर वाढल्या, आणि ऑगस्ट 2010 मध्ये त्यांतली सर्वांत मोठी एसकेएस शेअर बाजारात उतरली. एकाच बाईला तीन-तीन कंपन्यांची कर्जं दिली जात होती, वसुलीसाठी घरासमोर बसणं चालू होतं. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला. वसुली ठप्प झाली, या क्षेत्राचा कणा मोडला. पुढे रिझर्व्ह बँकेच्या मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर नियम कडक झाले, पण पोळलेल्या घरांचं नुकसान भरून निघालं नाही. वाढीचा वेग हे यश मानलं की असं होतं.

कर्ज आणि उद्योग यांनी सगळ्यांची गरिबी जाते, असंही नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत केलेल्या अभ्यासात आधीपासून धंदा असलेल्यांना कर्जाचा काही उपयोग झालेला दिसला, पण घरांच्या एकूण खर्चात ठळक सुधारणा दिसली नाही. सर्वांत तळच्या घरांसाठी वेगळा मार्ग बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने 2002 पासून आखला: आधी गाय, शेळ्या किंवा दुसरं एखादं साधन फुकट द्यायचं, ते विकून खावं लागू नये म्हणून काही महिने पोटापुरते पैसे द्यायचे, सोबत प्रशिक्षण, बचत आणि नियमित भेटी. सहा देशांत त्याची तपासणी झाली, त्यांत पश्चिम बंगालमधला बंधन या संस्थेचा प्रकल्पही होता. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मदत थांबल्यावर वर्षभरानंतरही या घरांचं उत्पन्न आणि खाणंपिणं सुधारलेलं होतं. त्यामुळे ज्या घरात आजची चूल पेटण्याची भ्रांत आहे त्यांना भागीदार व्हा असं सांगणं अन्यायाचं आहे. त्यांच्यासाठी देणगीच हवी, आणि ती मागायला संकोच करू नये.

उद्योग चालू झाल्यावर अहवालात बहुधा किती बायकांना प्रशिक्षण दिलं, किती यंत्रं वाटली हे छापून येतं. त्याऐवजी तीन गोष्टी मोजाव्यात. ज्या दहा-पंधरा घरांचे हिशेब सुरुवातीला लिहिले, त्यांच्याकडे सावकाराचं किती देणं उरलं? आषाढ-श्रावणात हातात किती पैसा आला? आणि उद्योगाच्या निर्णयात त्यांचं मत किती वेळा चाललं? तिसरा प्रश्न विचारताना संस्थापकाने खोलीबाहेर थांबावं.

ज्यांना या कामात उतरायचं आहे त्यांनी नोंदणीचा अर्ज, बोधचिन्ह आणि उद्घाटन हे सगळं बाजूला ठेवावं. बचत गटांचं काम पाहणाऱ्या उमेद किंवा माविमच्या तालुक्यातल्या कार्यालयात जाऊन जवळच्या गटाची माहिती घ्यावी, त्या बायकांची परवानगी घेऊन त्यांच्या मासिक बैठकीला बसावं आणि एक साधी वही सुरू करावी. पहिले सहा महिने काही विकू नये, काही वाटू नये. हिशेब लिहावेत, आणि ते त्या घरांना वाचून दाखवावेत. पैसा कुठे जातो हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं, तो कसा थांबवावा याच्या कल्पनाही त्यांच्याकडूनच येतील.